पुरेशी झोप म्हणजे नक्की किती? देश, वय आणि घरातल्या कामांप्रमाणे बदलणारी झोप

"डॉक्टर, मी किती तास झोपायला हवं?" हा प्रश्न दवाखान्यात जवळपास रोज येतो. मनगटावरची घड्याळे झोपेला गुण देऊ लागल्यापासून तर तो जास्तच येतो. कुणी ऐकलेले असते की जपानी माणसे कमी झोपूनही भरपूर जगतात. कुणी म्हणते, स्पेनमध्ये दुपारी झोपतात, मग आपल्या वामकुक्षीला नावे का ठेवायची? कुणाची तक्रार असते की सासरे पहाटे चारला उठून बसतात आणि कॉलेजातला मुलगा दहापर्यंत उठत नाही.

हे सगळे प्रश्न एकाच मुद्द्यापाशी येतात. झोपेची शरीराची गरज वयाप्रमाणे बदलते, पण देशाप्रमाणे फारशी बदलत नाही. देशाप्रमाणे, शहराप्रमाणे आणि एकाच घरातल्या माणसांमाणसांत बदलते ती प्रत्यक्ष मिळणारी झोप. म्हणून "मी किती तास झोपावे" याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: माझी झोप नेमकी कोणत्या टोकाला आणि कशामुळे कापली जाते?

जग किती झोपते?

विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने लोकांच्या दिनक्रमाची आकडेवारी एकत्र केली आहे. तिच्यात जपान तळाशी आहे. तिथे सरासरी झोप ४४२ मिनिटे, म्हणजे ७ तास २२ मिनिटे भरते. दिनक्रमाच्या अशा पाहण्यांमध्ये अंथरुणात नुसते पडून राहिल्याचा वेळही बऱ्याचदा झोपेत धरला जातो. त्यामुळे प्रत्यक्षातली झोप याहून थोडी कमीच असते.

२०१६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोबाइल ॲपवर जगभरातील हजारो लोकांनी नोंदवलेल्या झोपेच्या वेळा तपासल्या. जपान आणि सिंगापूरमध्ये सरासरी झोप साधारण ७ तास २४ मिनिटे निघाली, तर नेदरलँड्समध्ये ८ तास १२ मिनिटे. देशादेशांतला हा फरक मुख्यतः झोपायला जाण्याच्या वेळेमुळे होता. उठण्याची वेळ बरीचशी शरीराच्या घड्याळाने ठरत होती, पण झोपण्याची वेळ ठरवत होता समाज: ऑफिस, जेवणाची वेळ, टीव्ही, फोन, घरची कामे.

तान्ह्या मुलांतही हे दिसते. तीन वर्षांपर्यंतच्या २९ हजारांहून अधिक मुलांची १७ देश-प्रदेशांतून माहिती घेतलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडमधली मुले सरासरी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपत होती, तर हाँगकाँगमधली रात्री सव्वादहाच्या सुमारास. बाळांच्या शरीरात देशाप्रमाणे एवढा फरक नसतो. फरक असतो तो घरातला दिवा कधी मालवतो यात.

"पूर्वीचे लोक सूर्याबरोबर झोपायचे आणि दहा तास झोपायचे" असेही म्हटले जाते. टांझानियातील हादझा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील चिमाने या विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांची झोप यंत्राने मोजली, तेव्हा ती रात्री ५.७ ते ७.१ तास निघाली. ही माणसे सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक काळ जागी असत. तेव्हा प्रत्येकाला दहा तास हवेत असे नाही. पण त्यांच्या आणि आपल्या झोपेत एक मोठा फरक आहे. त्यांना दिवसभर भरपूर ऊन आणि रात्री खरा अंधार मिळतो, आणि त्यांच्या वेळा रोज जवळपास सारख्याच असतात.

मुंबईचे घड्याळ आणि मुंबईचा सूर्य

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, ७३ अंशांच्या किंचित अलीकडे आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' कितीतरी वर्षे सोडली नाही. शहरात ती १९५५ पर्यंत टिकली. ती याच ३९ मिनिटांनी मागे होती.

याचा झोपेशी संबंध काय? आपल्या मेंदूतले घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाही, उजेडाकडे पाहते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर झोपेची तयारी करू लागते. सूर्य उशिरा मावळला की ही तयारीही मागे पडते. शाळा आणि ऑफिसची वेळ मात्र मागे सरकत नाही. भारतातल्या दिनक्रम पाहणीच्या आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की जिथे सूर्य एक तास उशिरा मावळतो, तिथली मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात. झोपायला उशीर होतो, पण उठायची वेळ तीच राहते.

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, गुवाहाटीत त्याच्या सुमारे तासभर आधी. म्हणजे त्या दिवसांत सात वाजता भरणारी मुलुंड किंवा बोरिवलीची शाळा सूर्योदयाआधीच सुरू होते. सव्वासहाला बसची वाट पाहणारे मूल आळशी नसते. त्याच्या शरीरासाठी ती अजून रात्रच असते.

हा प्रश्न महाराष्ट्रात सरकारी पातळीवरही पोहोचला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलाव्यात असे सुचवले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ या वर्षापासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे त्यात म्हटले होते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा आणि स्कूल बसचालक यांनी अडचणी मांडल्या, आणि त्या खऱ्याही आहेत. पण चौथीनंतरच्या मुलांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. वैद्यकीय दृष्टीने उशिरा सुरू होणाऱ्या वर्गांची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये हेच सांगितले होते: किशोरवयीन मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये.

कोणत्या वयाला किती झोप?

तज्ज्ञांच्या संघटनांनी सुचवलेली २४ तासांतली एकूण झोप साधारण अशी आहे. पाच वर्षांपर्यंतच्या आकड्यांत दुपारची झोपही धरलेली आहे.

• ४ ते १२ महिने: १२ ते १६ तास
• १ ते २ वर्षे: ११ ते १४ तास
• ३ ते ५ वर्षे: १० ते १३ तास
• ६ ते १२ वर्षे: ९ ते १२ तास
• १३ ते १८ वर्षे: ८ ते १० तास
• प्रौढ: किमान ७ तास
• ६५ वर्षांपुढे: ७ ते ८ तास

आता हे आकडे तुमच्या घरात लावून पाहा. चौथीतल्या मुलीला साडेपाचला उठवायचे असेल, तर नऊ तासांसाठी तिला रात्री साडेआठला झोप लागायला हवी. वडील अंधेरीहून नऊला घरी पोहोचतात आणि जेवण साडेनऊला होते, अशा घरात हे कसे जमणार? मूल वडिलांसाठी जागते आणि त्याची झोप रोज तास-दीड तासाने कापली जाते. अशा घरात मुलाचे जेवण आठला उरकून वडिलांचा वेळ सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवणे जास्त बरे.

किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. मुलांमुलींचे हे 'घुबडपण' विशीच्या आसपास कळसाला पोहोचते, मुलींमध्ये साडेएकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांमध्ये एकविसाव्याच्या सुमारास. मग ते हळूहळू मागे येते. त्यामुळे अकरावीतल्या मुलाला दहा वाजता झोप येत नाही ही तक्रार बऱ्याच अंशी जीवशास्त्राची आहे. त्यात रात्री नऊपर्यंत क्लास, मग फोन आणि सकाळी सातचे ज्युनिअर कॉलेज आले की हिशेब सहा तासांवर येतो. रविवारी बारापर्यंत झोपून तो ही थकबाकी फेडू पाहतो. त्याने थकवा थोडा उतरतो, पण घड्याळ आणखी मागे पडते आणि सोमवार जास्त जड जातो.

आजोबांचे उलट होते. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते, रात्री जाग जास्त वेळा येते आणि घड्याळ अलीकडे सरकते. नऊला झोपून चारला उठणारे आजोबा सात तास झोपलेले असतात. त्याला निद्रानाश म्हणत नाहीत. त्यांना झोपेची गोळी देण्याऐवजी संध्याकाळी उजेडात फेरफटका मारायला पाठवा आणि झोपायची वेळ थोडी पुढे न्या. वृद्धांमध्ये झोपेच्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळल्यासारखे होण्याचा धोका वाढतो. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागत असेल, तर मात्र प्रोस्टेट, साखर आणि औषधांच्या वेळा तपासून घ्या.

बायका जास्त झोपतात की कमी?

दोन्ही उत्तरे मिळतात. मिशिगनच्या अभ्यासात स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी अर्धा तास जास्त झोपत होत्या आणि मध्यमवयीन पुरुषांची झोप सर्वांत कमी होती. दुसरीकडे, अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर असे दिसते की निद्रानाशाचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे १.४ पट आहे. तास मिळूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही, असे अनेकींच्या बाबतीत घडते.

याची काही कारणे शरीरात आहेत. पाळीच्या आधीचे दिवस, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने आणि रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून येणाऱ्या गरम वाफा झोप मोडतात. लोह कमी असले तर रात्री पायांत वळवळ होते आणि पाय सारखे हलवावेसे वाटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा "रात्री पाय दुखतात" ही तक्रार उडवून लावू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा.

बाकीची कारणे घरात आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय दिनक्रम पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय ही कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मुळातच खूप कमी होते. उपनगरातल्या घरात हा वेळ येतो कुठून, ते पाहा. पहाटे पाणी येण्याची वेळ, दोन-तीन डबे, मुलाची बस, सात-आठची लोकल. रात्री सगळ्यांची जेवणे, ओटा, भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी. दिवसाच्या दोन्ही टोकांची कामे एकाच माणसाकडे असतात, आणि झोपही त्याच दोन टोकांनी कुरतडली जाते. रात्री बाळ रडले किंवा सासूबाईंना औषध द्यायचे असले तर मधला भागही जातो. अशा वेळी "ताण घेऊ नका, वेळेवर झोपा" हा सल्ला अपुरा आहे. डबे कोण भरणार, हे ठरवणे हाच इथे उपचाराचा भाग आहे.

पुरुषांच्या बाबतीत दुर्लक्ष होते ते घोरण्याकडे. "दमून गाढ झोपलेत" असे घरचे समजतात. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी अंदाजे ७.५ टक्के जणांना झोपेत श्वास अडण्याचा आणि त्यामुळे दिवसा पेंग येण्याचा आजार होता. हा स्लीप ॲप्निया. यात घसा मिटतो, प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि हे रात्रभर चालते. आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो, रक्तदाब वाढतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते, पण त्या घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी, उदासपणा सांगतात म्हणून निदान राहून जाते.

अंथरुणातले तास आणि खरी झोप

चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत, पण मनगटावरच्या यंत्राप्रमाणे झोप साडेपाच तासच होत होती. उकाडा, डास, आवाज, उजेड यांनी झोपेचे तुकडे पडत होते. संशोधकांनी त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, पंखे वगैरे दिले. रात्रीची झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढली, पण कामात किंवा तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. उलट शांत खोलीत दुपारी घेतलेल्या साधारण अर्ध्या तासाच्या डुलकीने कामाचा वेग आणि मन:स्थिती सुधारली. तेव्हा वामकुक्षीला नावे ठेवायचे कारण नाही. २० ते ३० मिनिटांची, तीनच्या आत घेतलेली डुलकी चांगली. मात्र ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी ती टाळावी. आणि विरार लोकलमधली डुलकी? तरतरी येण्यापुरती ठीक, पण दर स्टेशनला मोडणारी ती झोप रात्रीची भरपाई करू शकत नाही.

घाटकोपरच्या चाळीत किंवा अंधेरीच्या हमरस्त्यालगत राहत असाल, तर झोपेचे तुकडे कशाने पडतात ते शोधा. कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला सर्वसाधारणपणे बंदी आहे. तक्रार पोलिसांच्या ११२ क्रमांकावर करता येते.

आता काय करायचे?

• दोन आठवडे साध्या वहीत तीन गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, उठलो कधी, मध्ये जाग कशाने आली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपापले लिहावे. वह्या शेजारी ठेवल्या की कुणाची झोप कुठे जाते ते कळते.
• उठण्याची वेळ सातही दिवस साधारण सारखी ठेवा. रविवारी फार तर तासभर जास्त.
• सकाळी १५-२० मिनिटे उघड्यावर उजेड घ्या. स्टेशनपर्यंत चालत गेलात तरी चालेल.
• संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी टाळा. जेवण आणि झोप यांत दोन तास ठेवा, निदान रात्रीचे जेवण हलके ठेवा.
• एकच खोली असेल तर दहानंतर मोठा दिवा आणि टीव्ही बंद, हा नियम सगळ्यांसाठी करा. अभ्यास करणाऱ्याला टेबल लॅम्प द्या.
• रात्रीचे किंवा पहाटेचे, निदान एका टोकाचे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा. आठवड्यातून चार दिवस जरी साधले, तरी त्या व्यक्तीला दर वेळी अर्धा तास मिळतो.
• अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करत असाल तर घरी येताना गॉगल लावा, जाड पडदे वापरा आणि झोपेचे तास घरच्यांना लिहून द्या. त्या वेळेत फोन आणि बेल बंद.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिलेले असणे
• आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न लागणे किंवा मोडणे, आणि हे तीन महिने चालू असणे
• पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येणे, रिक्षा, टॅक्सी किंवा दुचाकी चालवताना डुलकी लागणे (हे असेल तर त्याच आठवड्यात दाखवा आणि तोवर गाडी चालवू नका)
• मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल किंवा वर्गात झोपत असेल
• पहाटे लवकर जाग येऊन उदास वाटणे. जगू नये असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

मेडिकलमधून स्वतःहून झोपेची गोळी आणू नका आणि शेजाऱ्याची उसनी घेऊ नका. ॲप्निया असेल तर काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो. डॉक्टरांकडे येताना दोन आठवड्यांची वही आणा आणि जमल्यास तुमच्या खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीलाही सोबत आणा. तुमच्या झोपेबद्दल तुम्हाला माहीत नसलेले बरेच काही तिला माहीत असते. आणि तपासणी होता होता तिलाही विचारा, "तुझी झोप किती होते?"